संकराचे फायदे

वडनेर भोलजी येथील प्रगतिशील शेतकरी हिंमतराव यांना आपल्या सशांची वाढ समाधानकारक वाटत नव्हती. ससे वेळेवर खात होते, वेळेवर पीत होते आणि वंशविस्ताराच्या कामात त्यांनी कधीच हयगय केली नव्हती. पण अंगानं भरत नव्हते. महामार्गावरच्या ज्या ढाब्याला ते ससे पुरवत, त्या ढाबेवाल्यानं एके दिवशी एक ससा मानगुटीला धरून उचलला, हवेत दोनदा हलवला आणि विचारलं, "हिंमतराव, याचा रस्सा कराचा, का रश्शात यालेच शोधाचं?"

हे चार गिऱ्हाइकांसमोर झालं. हिंमतरावांना ते फार लागलं. 'प्रगतिशील' ही पदवी त्यांना काही फुकट मिळाली नव्हती. सफेद मुसळी असो, इमू असो, नाहीतर आणखी काही. जिल्ह्यात कोणतीही नवी योजना आली की ती पहिल्यांदा हिंमतरावांच्या शेतात सुरू होई आणि पहिल्यांदा तिथंच बंद पडे. ससे मात्र बंद पडू द्यायचे नाहीत, असा त्यांनी निश्चय केला होता. त्यांनी तडक जनावरांचा दवाखाना गाठला आणि नव्यानं बदलून आलेल्या डॉक्टरांना घरी घेऊन आले.

डॉक्टरांचं नाव प्रसेनजित. मूळचे संग्रामपूरचे. वय कमी, बोलणं त्याहून कमी. त्यांनी सगळे पिंजरे फिरून पाहिले, दोन-चार पिल्लांचे कान तपासले आणि म्हणाले, "काका, हे सगळे एकाच घरचे दिसतात."

"एकाच घरचे!" हिंमतराव अभिमानानं म्हणाले. "माह्या साडूनं एक जोडी देल्ली होती, तिचेच हे लेकरं-नातरं. बाहेरचा एक बी घुसू देल्ला नाही. जात एकदम शुद्ध ठेवली."

"तिथंच गडबड आहे. बाप-लेक, भाऊ-बहीण, सगळं आतल्या आत चालू आहे. असं पिढ्यान् पिढ्या चाललं की पिल्लं बारकी होत जातात. रोगाला लवकर बळी पडतात. रक्त बदला, काका."

महिन्याभरात डॉक्टरांनी विलायती जातीचे दोन नर मिळवून दिले. पांढरेशुभ्र, लाल डोळ्यांचे, मांडीवर घेतले तर मांडी अवघडून जावी असे धिप्पाड. संकराची पद्धतही समजावून दिली. मादीला नराच्या पिंजऱ्यात न्यायचं. नराला मादीच्या पिंजऱ्यात सोडलं तर ती त्याला बोचकारून काढते. हिंमतरावांना हे शास्त्र ऐकून बरं वाटलं. "म्हंजे रीतच हाय," ते म्हणाले. "पोरगीच सासरी जाते."

पुढचं सगळं शास्त्राप्रमाणे झालं. माद्यांनी अंगावरचे केस उपटून घरटी केली, पिल्लं झाली, आणि बघता बघता ती अशी फुगली की ढाबेवाला स्वतः मोटारसायकल घेऊन दारात आला. त्याच वयाची जुनी शुद्ध जातीची पिल्लं शेजारच्या पिंजऱ्यात होती. ती या नव्या पिल्लांसमोर आजारी असल्यासारखी दिसत. उन्हाळ्यात डॉक्टरांनी पिंजऱ्यांना ओल्या पोत्यांचे पडदे लावून घेतले, चाऱ्यासाठी लसूणघासाचा वाफा करून घेतला, आणि सुधारणा कुठवर आली ते पाहायला ते नियमित येऊ लागले. कधीकधी सुधारणा कालच पाहून गेले असले, तरी आजही येत.

यशाची बातमी वर गेली. वर गेलेली बातमी खाली येताना नेहमी एक कार्यक्रम घेऊन येते. हिंमतरावांना 'संकर-मार्गदर्शक शेतकरी' नेमण्यात आलं आणि तालुक्या-तालुक्यांतून व्याख्यानांची बोलावणी येऊ लागली. विषय : संकराचे फायदे.

व्याख्यान लिहून दिलं त्यांच्या मुलीनं, राखीनं. राखी नांदुऱ्याच्या कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवायची. भाषा तिच्या हातची होती. हिंमतरावांनी ते व्याख्यान असं पाठ केलं की झोपेतून उठवलं तरी त्यांनी ते सुरुवातीपासून म्हणून दाखवावं.

"बंधू-भगिनींनो," ते सुरू होई, "किती दिवस एकाच रक्तात घोळत राहणार? आपलंच चांगलं, आपलंच शुद्ध, या अभिमानापायी आपण पिढ्यान् पिढ्या खुज्या करून ठेवल्या! दारं उघडा! बाहेरचं रक्त येऊ द्या! मग बघा, पुढची पिढी कशी धष्टपुष्ट, चपळ आणि हुशार निघते!"

'ससा' हा शब्द व्याख्यानात बऱ्याच उशिरा यायचा. राखीचं म्हणणं, आधी तत्त्व सांगावं, मग उदाहरण. तोवर श्रोते दोनदा टाळ्या वाजवून मोकळे झालेले असत. संग्रामपूरला टाळ्या पडल्या. दुसरबीडला एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं पुढे येऊन हिंमतरावांचे हात हातात घेतले आणि "डोळे उघडले बघा तुम्ही," असं सांगितलं. प्रत्येक व्याख्यानाच्या शेवटी हिंमतराव आपल्या मनचं एक वाक्य जोडत : "आन् हे सारं ज्याइच्यामुळं झालं, ते आमचे डॉक्टरसाहेब आता परके नाही राह्यले. ते आमच्या घरातलेच झाले हायत!"

राखी हे वाक्य पहिल्या रांगेत बसून ऐके. ती ते खरं मानून चालली, यात तिचा दोष नाही.

एका सकाळी हिंमतराव पिंजऱ्यांत लसूणघास टाकत असताना ती शेडमध्ये आली आणि म्हणाली, "बाबा, मले डॉक्टरांशी लगन कराचं हाय."

"कोन्त्या डॉक्टरांशी?"

"आपल्या."

"आपल्या म्हंजे... सशाच्या?"

"हाव."

हिंमतरावांच्या हातातला घास एकाच पिंजऱ्यात पडला. तिथल्या सशांनी ताबडतोब त्याचा फायदा घेतला.

"पोरी, तुह्यं डोस्कं ठिकाणावर हाय का? तो आपल्यातला नाही."

"तुमीच तर म्हनता, घरातला हाय."

"घरातला हाय. जातीतला नाही!"

राखी एका पिंजऱ्याला टेकून उभी राहिली. आत तिनंच लहानपणापासून वाढवलेली एक गावठी मादी आपल्या संकरित पिल्लांना अंगाखाली घेऊन बसली होती.

"बाबा, तुमी गावोगाव जाऊन काय सांगून राह्यले? रक्त बदला, दारं उघडा..."

"ते सशाचं हाय! ससा अलग, माणूस अलग."

"काय अलग हाय?"

हिंमतरावांनी फार विचार केला नाही. विचार केला असता तर बोलले नसते. "ससा खायाले असते!" ते ओरडले. "त्याची जात गेली तं काय बिघडते?"

"म्हंजे जे कापाचं हाय, त्यानं सुधराचं," राखी म्हणाली, "आन् जे नांदाचं हाय, त्यानं खुजं राहाचं?"

राखीनं त्यांना व्याख्यान लिहून दिलं होतं; श्रोत्यांचे प्रश्न आले तर काय बोलावं, ते लिहून दिलं नव्हतं. ती कॉलेजला निघून गेली. ते शेडमध्येच पोत्यावर बसून राहिले. समोर दुसरी एक मादी छातीचे केस दातानं उपटून घरटं करत होती. मध्येच थांबायची, श्वास घ्यायची, पुन्हा उपटायची. हिंमतरावांना आपल्या पोरीची आठवण झाली आणि मग आपण सशाला पाहून पोरीची आठवण काढतो आहोत, याचा त्यांना संताप आला. डोळे पुसून ते उठले आणि बुलढाण्याची बस धरली.

डॉक्टरांची बदली करून घ्यायची, एवढं त्यांनी ठरवलं होतं. पशुसंवर्धन खात्याच्या जिल्ह्याच्या साहेबांनी त्यांच्यासाठी चहा मागवला.

"बोला, हिंमतराव. काय काम काढलं?"

"साहेब, आमच्या डॉक्टरांची तक्रार हाय."

"मांडा."

इथं पंचाईत झाली. खरं कारण सांगावं तर घरची अब्रू साहेबांच्या टेबलावर. शिवाय साहेब कोणत्या जातीचे आहेत, याचा हिंमतरावांना अजून छडा लागला नव्हता. ते चाचरत म्हणाले, "साहेब, ते... जात पाहात नाहीत."

"पाहूच नये! शासनाचं धोरणच ते आहे."

"म्हंजे, आमच्या चांगल्या जातीत ते बाहेरचं घुसवून राह्यले."

"गावठी मादी, बाहेरचा नर," साहेब समाधानानं म्हणाले. "परिपत्रकात अगदी हेच आहे. किती अधिकारी ते वाचतात?"

हिंमतरावांच्या कपाळाची शीर उडू लागली. "साहेब, ते रोज रोज घरी येतात!"

"क्षेत्रभेटी! इतरांच्या क्षेत्रभेटी आम्ही त्यांच्या खुर्चीत बसलेल्या पाहतो."

"घरच्या मानसांशी जवळीक करतात!"

"कुटुंबाचा सहभाग," साहेब हळवे झाले. "हिंमतराव, हा मुद्दा आम्हाला वर्षानुवर्षं अहवालात खोटाच लिहावा लागतो. तुमच्या घरी तो खरा झाला. लाभार्थी स्वतःच्या खिशातून तिकीट काढून अधिकाऱ्याची स्तुती करायला आलाय, असं माझ्या नोकरीत पहिल्यांदा घडतंय."

हिंमतराव बाहेर पडले तेव्हा जनतेच्या आग्रहास्तव डॉ. प्रसेनजित यांना आहे त्याच ठिकाणी मुदतवाढ मिळाली होती, आणि स्वतः हिंमतराव 'जिल्हा संकर-दूत' झाले होते. खांद्यावर तशा अर्थाचा हिरवा पट्टा होता. तो त्यांनी बसमध्ये काढून पिशवीत कोंबला.

आता एकच उपाय उरला. राखीचं लग्न जातीत, आणि लवकरात लवकर. योगायोगानं खामगावला समाजाचा वधू-वर परिचय मेळावा भरणार होता. मंडळाचे अध्यक्ष शेषराव हे हिंमतरावांचे जुने स्नेही. एवढ्या गाजलेल्या माणसानं मेळाव्याचं उद्घाटन करावं, असा आग्रह त्यांनी धरला. राखीनं यायला साफ नकार दिला. हिंमतराव तिचा फोटो खिशात घालून एकटेच गेले.

जाताना त्यांनी नवं भाषण मनाशी जुळवलं होतं. आपली परंपरा, आपलं कुळ, आपल्या पोरी. पण मंगल कार्यालयाचं स्टेज नेमकं तसंच होतं. तोच हार, तेच नारळ, तोच खरखरणारा माईक, डोक्यावर तोच कुरकुरणारा पंखा आणि पहिल्या रांगेत तशीच पेंगणारी मोठी माणसं. हिंमतराव उभे राहिले, माईकवर टिचकी मारली, तोंड उघडलं. आणि तोंडानं जे इतके महिने केलं होतं, तेच केलं.

"बंधू-भगिनींनो, किती दिवस एकाच रक्तात घोळत राहणार?"

पेंगणारे जागे झाले. आपण काय बोलून बसलो, हे हिंमतरावांच्या लक्षात आलं. पण पाठ केलेलं भाषण उतारावर सुटलेल्या बैलगाडीसारखं असतं. "आपलंच चांगलं, आपलंच शुद्ध, या अभिमानापायी आपण पिढ्यान् पिढ्या खुज्या करून ठेवल्या!"

मागच्या रांगांत कोणीतरी शिट्टी मारली. त्या रांगांत लग्नाळू शेतकरी बसले होते. जमीन होती, अंगात ताकद होती, केस पातळ होत चालले होते, आणि जातीतली एकही पोरगी शेतकऱ्याला हो म्हणत नव्हती. दरवर्षी नवा सदरा शिवून ते मेळाव्याला येत आणि तोच सदरा घालून एकटे परत जात. त्यांच्या मनातलं स्टेजवरून कोणी पहिल्यांदाच बोलत होतं.

"दारं उघडा!" हिंमतराव म्हणाले. त्यांच्या कपाळावरून घाम गळत होता.

"उघडा!" मागून आवाज आला. खुर्च्या सरकल्या. टाळ्या सुरू झाल्या.

शेषरावांना आधी वाटलं, हे पोटजातींबद्दल बोलत असावेत. तेवढं चालण्यासारखं होतं. पण "बाहेरचं रक्त येऊ द्या!" हे ऐकताच त्यांनी उठून माईकची वायर उपटली आणि वीज गेल्याचं जाहीर केलं. पंखा फिरतच होता.

"ससा!" हिंमतराव बिनमाईकचे ओरडत होते. "अरे, मी सशाचं बोलून राह्यलो! पुढं ससा येते!"

मागच्या रांगांनी त्यांना खांद्यावर घेतलं होतं. कोणालाही ऐकू गेलं नाही.

दुसऱ्या दिवशीच्या पेपरात फोटो आला. 'दारं उघडा! समाजाच्या व्यासपीठावरून हिंमतरावांची गर्जना. सुरुवात स्वतःच्या घरापासून.' बातमीदारानं शेवटी प्रश्नचिन्ह दिलं होतं म्हणे, पण जागा कमी पडल्यामुळे ते काढावं लागलं.

दुपारी शेषराव घरी आले. पाणीसुद्धा न पिता म्हणाले, "हिंमतराव, भाषनात आमीबी बोलतो. मोठमोठं बोलतो. पन तुमी असं बोलले, जसं तुमाले ते कराचंच हाय!"

"मले नाही कराचं हो काही!"

"मंग पेपरात तसं छापून आना."

ते गेले तोच एका समाजसुधारणा मंचाचे कार्यकर्ते शाल आणि श्रीफळ घेऊन दारात उभे. जाहीर सत्काराची तारीख ठरवूनच आले होते. आता घोषणा मागे घ्यावी तर सगळ्या जिल्ह्यात तोंड काळं. पुरी करावी तर जातीत. हिंमतराव ओट्यावर डोकं धरून बसले. त्यांची बायको कोकिळाबाई आतून सगळं ऐकत होती. ती इतके दिवस या विषयावर एक शब्द बोलली नव्हती. ती बाहेर येऊन म्हणाली, "एकडाव डॉक्टरांच्या घरी तं जाऊन या. पोरगी पंधरा दिवसाची नीट जेवली नाही. मले नाही पाहावत."

हिंमतरावांना त्यातून एक युक्ती सुचली. नकार तिकडून आला तर? आपण सुधारकही राहिलो, जातही राहिली. ते उत्साहानं संग्रामपूरला गेले.

प्रसेनजितच्या आई, महामायाबाई, मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या होत्या. घर नीटनेटकं. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरी, कपाटात पुस्तकं. त्यांनी चहा दिला, समोर बसल्या आणि हिंमतरावांचं काम सोपं करून टाकलं.

"हिंमतराव, मी प्रसेनजितला सांगितलंय, घाई करू नको. मला हे स्थळ पटत नाही."

हेच ऐकायला हिंमतराव इतका प्रवास करून आले होते. आता उठायचं, नमस्कार करायचा आणि हसत गाडीत बसायचं, एवढंच बाकी होतं. पण त्यांना उठवेना.

"काऊन?" ते म्हणाले. "आमच्या पोरीत काय कमी हाय?"

"पोरीत काहीच नाही. गुणाची आहे, शिकलेली आहे. मला तुमचं भाषण नाही आवडलं." महामायाबाईंनी पेपर पुढे ठेवला. "बाहेरचं रक्त आणा, म्हणजे पिढी धष्टपुष्ट. माझा मुलगा तुमच्या घराण्याची वाढ सुधारायला येणार नाही. त्याला तुमची राखी आवडते, तिला तो आवडतो. एवढं कारण पुरं असतं. तुमचं कारण मला नको."

"ते सशाचं होतं हो, बाई!"

"तेच म्हणते मी." त्या शांतपणे म्हणाल्या. "आणि चौकशीही करावी लागेल. तुमच्याकडची माणसं कशी आहेत, मला काय माहीत? उद्या तुम्ही लेकीला सणाला बोलवाल, आणि माझ्या मुलाला चहा ओसरीवरच द्याल. मग?"

आयुष्यात हिंमतरावांच्या घराण्याची चौकशी कोणी केली नव्हती. चौकशी ते करत. पाहुण्यांना नाही ते म्हणत. त्यांच्या पोरीला या घरातून नाही म्हटलं जात होतं, आणि म्हणणारी बाई चहात साखर बरोबर आहे का, तेही विचारत होती. कुठून कोण जाणे, सगळा पिढीजात अभिमान उसळून वर आला आणि त्यांच्या तोंडून बाहेर पडला.

"ओसरीवर कायले? माह्या सैपाकघरात येईन तो! माह्या ताटाले ताट लावून जेवन! आमची राखी म्हंजे तुमी काय समजले? तिच्यासारखी पोरगी तुमाले साऱ्या जिल्ह्यात भेटनार नाही! आमाले नाही म्हनता?"

ते थांबले. आपण काय बोललो हे त्यांना ऐकू आलं. या खेपेला कोणीही माईक बंद केला नव्हता.

महामायाबाईंनी रिकामे कप उचलले. "मग रविवारी बोलवा आम्हाला जेवायला. दोघांनाही. दिवसा, आणि पुढचं दार उघडं ठेवून. ते जमलं तर पुढचं बोलू."

रविवारी दार उघडं होतं. दार उघडं असलं की गावाला त्या रस्त्यानं बरीच कामं निघतात. ज्यांचं शेत पूर्वेला, तेही पश्चिमेला जाऊन आले. आत कोकिळाबाई भाकरी थापत होती, राखी वाढत होती, आणि महामायाबाई व प्रसेनजित यांच्या ताटांना ताट लावून हिंमतराव बसले होते. पहिला घास त्यांनी जपून उचलला. काहीतरी होईल, असं त्यांना इतकी वर्षं वाटत आलं होतं. नेमकं काय होईल, हे कधी कोणी सांगितलं नव्हतं. घास तोंडात गेला. वरण रोजच्यासारखंच लागलं. मीठही बरोबर होतं. प्रसेनजितनं भाकरी मागितली, तेव्हा राखीच्या आधी कोकिळाबाईनंच ती तव्यावरून थेट त्याच्या ताटात टाकली. आपण इतके दिवस कशाला भीत होतो, हे काही हिंमतरावांना आठवेना, आणि त्यांना एकाएकी स्वतःचीच फार लाज वाटली. ती लपवायला त्यांनी बाहेर पाहिलं.

रस्त्यावरून तिसऱ्यांदा शेषराव चालले होते.

"या, शेषराव! जेवाले या!" हिंमतराव मोठ्यानं म्हणाले.

"नोको नोको," शेषराव चालता चालता म्हणाले. "पोटात जराशी गडबड हाय."

लग्न उन्हाळ्यात झालं. कचेरीत नोंदणी, मग मेणबत्त्या आणि बुद्धवंदना. मंचानं दोन्ही घरांना शाली दिल्या. जातीच्या मंडळानं ठराव करून हिंमतरावांचं नाव वगळलं, आणि मागच्या रांगेतल्या पोरांनी त्यांच्या गाडीला हार घातला. राखी निघाली तेव्हा हिंमतराव शेडमध्ये जाऊन बसले. सासरी जाण्याच्या रीतीबद्दल ते पुन्हा कधीही काही बोलले नाहीत. व्याख्यान मात्र त्यांनी बदलून घेतलं. आता ते 'ससा' या शब्दानंच सुरू होतं.

हल्ली त्यांना दम घ्यायला फुरसत नसते. लग्नाची बातमी सगळीकडे छापून आल्यापासून फोन थांबतच नाही. चिखलीचे एक प्राध्यापक बोलतात, मलकापूरच्या एक डॉक्टरीणबाई बोलतात, पुण्याहून मोठमोठे लोक बोलतात. शाल घेऊन आलेल्या कार्यकर्त्याचाही आला होता. सगळे भरभरून बोलतात. हिंमतराव, तुम्ही इतिहास घडवला. अशी माणसं हवीत. आमचे तर डोळे भरून आले. हिंमतराव ऐकून घेतात. कौतुक संपत आलं की पलीकडचा आवाज किंचित खाली येतो, हे त्यांना आता कळतं.

"तुमचा वावर सगळीकडे असतो, म्हणून म्हटलं. आमच्या मुलीचं बघतोय यंदा. आमच्यातलंच एखादं चांगलं स्थळ असलं तर..."

"तुमच्यातलं म्हंजे कोन्तं?" हिंमतराव विचारतात. मग पलीकडून जात येते, तिच्यामागून पोटजात, आणि शेवटी त्या पोटजातीतली कोणती चार घराणी नकोत, तेही.

आपण ही हकिगत इथवर वाचलीत, शेषरावांना मनातल्या मनात चार शब्द सुनावलेत, म्हणजे आपण पहिल्यापासून राखीच्या बाजूचे, यात शंका नाही. आपल्याही घरात लग्नाचं कोणी असेलच. हिंमतरावांना फोन करायला संकोच करू नये. माणूस मोकळा आहे. फक्त "आमचं स्वतःचं तसं काही नसतं हो, पण घरचे..." हे वाक्य वगळावं. ते त्यांना आता पाठ झालं आहे.